बुटक्याचं पोट

९ जानेवारी

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. फोनच करणार होतो, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला फक्त ऐकावं लागतं. तेव्हा पत्रच बरं.

बातमी आहे. तुझा भाचा आता नुसता कपड्यांच्या दुकानातले पुतळे करणारा राहिलेला नाही. तुझ्या जुन्या संग्रहालयात नवं दालन उघडतंय आणि त्यातलं एक काम मला मिळालंय. डायनासोर! उडी मारू नकोस, गुडघा सांभाळ. मोठा, दातवाला, तो आधीच कुणीतरी करून ठेवलाय. दालनाच्या मधोमध उभा आहे, डोकं जवळजवळ छताला टेकतं. माझ्या वाट्याला छोटा आलाय. पाटीवरचं त्याचं लांबलचक नाव काही मला वाचता आलं नाही, पण खाली शोधणारीचं नाव होतं ते आलं. अगं, तूच की! म्हणजे हाच तो, ज्याच्यापायी तू आईबाबांच्या लग्नाला चिखलाचे बूट घालून आली होतीस. आई अजून बोलते त्यावर.

संचालकसाहेबांनी एक चित्र दिलंय. आईला दाखवलं, तर म्हणाली, "पाल आहे. झाडू आण."

साहेब म्हणतात, हे काम जमलं तर दालनातलं पुढचं सगळं मलाच. कासवं, मगरी, उडणारे, पोहणारे, सगळे. आत्या, ते मिळालं ना, तर बिनडोक्याचे पुतळे काखेत मारून दुकानांच्या मागच्या दारांनी हिंडायचं संपलं. पण साहेब मागे लागलेत की प्राणी खरा दिसला पाहिजे, तज्ज्ञ येणार आहेत उद्घाटनाला. म्हणून तूच सांग. केवढा होता? रंग कसला? चालायचा कसा, वागायचा कसा? गवत खाणारा होता एवढं मी शोधून काढलंय.

तुझा,
ठोंब्या


१७ जानेवारी

चि. ठोंब्या,

आशीर्वाद नंतर. आधी कान इकडे कर. गवत? अरे गाढवा, त्याच्या काळात गवत उगवलंच नव्हतं! नेचे खायचा, कोंब, बिया, जमीन उकरून मिळतील ती मुळं. पुन्हा गवत म्हणालास तर तिथे येऊन तुझ्या तोंडात कोंबीन.

आता आशीर्वाद. पत्र वाचून मी स्वयंपाकघरात नाचले. म्हणजे ओट्याला धरून एका पायावर झुलले, दुसरा अजून संप करून बसलाय. तो टायवाला संचालक झाला होय? माझ्या हाताखाली होता तेव्हा हाडाला दगड म्हणायचा आणि दगडाला हाड. अरे, सोपं असतं, जीभ लावून बघायचं. जुनं हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. पण साहेबांना किळस! मग आम्ही चाटायचो आणि हा वहीत लिहायचा.

असो. तुझ्या प्रश्नांकडे येते. आम्ही त्याला बुटक्या म्हणायचो, तूही तेच म्हण. ते लांब नाव मीच ठेवलंय, पण मलाही एका दमात म्हणता येत नाही. उंचीने तुझ्या कमरेच्या खालीच. अंगाने शेळीच्या करडाएवढा, पण मागे शेपूट धर, तर लांबी चांगली पलंगाएवढी. दोन पायांवर चालायचा. मागचे पाय लांब, पोटऱ्या बारीक, पळणाऱ्याचे. पुढचे हात आखूड पण दणकट, माती उकरायचे. तोंडाला पुढे चोच, आत पानाच्या आकाराचे बारके दात, आणि बाहेरून गाल. गाल विसरू नकोस! गाल नसले तर चावलेलं निम्मं बाहेर सांडेल. डोळे मोठे. डोळ्यांवर हाडाची एक पट्टी पुढे आलेली असते, त्यामुळे चेहऱ्यावर कायम आठी. मनातून कसाही असेल, दिसायला मात्र सदा वैतागलेला.

रंग मला ठाऊक नाही. कुणालाही ठाऊक नाही, आणि छातीठोकपणे सांगेल तो थापाड्या. मातीत लपेल असा काहीतरी दे.

वागणं म्हणशील, तर स्वभाव काही हाडात राहत नाही. पण बिळात राहायचा हे नक्की, कारण मला तो बिळातच सापडला. पूर आला असणार, गाळ आत घुसला, आणि हा आपली दोन पिल्लं आणि बिळाचं तोंड यांच्यामध्ये अंग आडवं घालून पडलेला. तो की ती, देव जाणे. मी तो म्हणते. त्या बिळाशी मी अकरा वर्षं घालवली, ठोंब्या. लोकांचे संसार झाले तेवढ्यात. आणि मी फक्त सांगाडा पाहिलाय. तो उभा कसा राहत असेल, मान वर करून बघत कसा असेल, ते आता तू दाखवणार. नीट कर हं. कुठे अडलास तर विचार. कितीही मूर्ख प्रश्न असला तरी विचार.

तुझी,
आत्या


३० जानेवारी

ती. आत्या,

मातीचा छोटा नमुना केलाय. चारी बाजूंनी फोटो काढून पाठवतोय. गाल दिलेत, चोच दिलीय, आठी अशी झकास जमलीय की आमच्या कारखान्यातला रंगारी त्याच्याकडे पाठ करून डबा खातो.

मूर्ख प्रश्न विचार म्हणालीस, म्हणून विचारतो. समजा हा अगदी सैल पडलाय. म्हणजे विश्रांती घेतोय. तर मान किती खाली लोंबेल? शेपूट खाली वाकेल का? तोंड उघडं राहिलं तर जीभ बाहेर येईल का, की आतच असेल चिकटलेली? पाय चारी बाजूंना जातील की एकाच बाजूला? आणि डोळा अर्धा उघडा ठेवला तर बुबुळ दिसेल का? अगदी गाढ विश्रांती असं समज.

साहेब रोज येऊन बघतात. ते मापं फार घेतात.

लवकर उत्तर दे, साचा करायला घ्यायचाय.

तुझा,
ठोंब्या


७ फेब्रुवारी

चि. ठोंब्या,

फोटो पाहिले. भिंग लावून पाहिले, मग भिंग ठेवून पाहिले, मग पाणी प्यायले.

याला कंबर कुठून आली रे? वर छाती, खाली नितंब, मधे ही चिमटीत मावणारी कंबर! हा काय दुकानाच्या खिडकीत झगा घालून उभा राहणार आहे? पंधरा वर्षं पुतळे करून तुझ्या हातांना सवयच लागलीय, माती दिसली की दाबायची. अरे, पाला खाणाऱ्या प्राण्याला पोट असतं! पाला पचायला महाकठीण. हा गिळायचा आणि मग ते आतड्यांच्या भल्यामोठ्या वेटोळ्यात आंबत बसायचं दिवसभर. म्हणजे पोट घागरीसारखं, दोन्ही बाजूंना फुगलेलं. आणि आंबलं की वारा धरतो, तो सरायचाही दिवसभर. त्या बिळात तीन जीव कसे राहायचे, याचा विचार मी अकरा वर्षं केलाय. पोट दे त्याला. बरगड्यांची मापं सोबत लिहिलीत. त्यांच्यापेक्षा बोटभरही कमी चालणार नाही.

दुसरं म्हणजे हात. मनगटं नाजूक वाकवून तळवे खाली सोडलेत, बाई अंगठी दाखवतेय तसे. तळवे समोरासमोर हवेत. टाळी वाजवायच्या बेतात असल्यासारखे.

तिसरं, शेपूट. शेपटीत हाडाच्या बारीक काड्या असतात, जुड्याच्या जुड्या. ती काठीसारखी ताठ राहते, जागेपणी आणि झोपेतही. लोंबत नाही म्हणजे नाही. मान लोंबेल. जीभ लांब नव्हती, बाहेर येणार नाही. विश्रांती घेताना हा अंगाचं मुटकुळं करून बसत असेल, पाय पोटाखाली घेऊन. चार बाजूंना पाय टाकून कुणी कधी विश्रांती घेतलीय, तुझे बाबा होते ते सोडून?

आत्या

ता. क. पाकीट बंद करून ठेवलं होतं, पुन्हा फोडलं. चहा पिताना तुझे प्रश्न परत वाचले. मान लोंबलेली, पाय एकीकडे, डोळा अर्धा उघडा, जीभ. ठोंब्या, ही विश्रांती नाही. तू मेलेला करतोयस. आणि टायवाला मापं घेतोय, कारण त्याला याला कशात तरी बसवायचंय. तो मोठा दातवाला मधोमध उभा आहे म्हणालास. तोंड उघडं आहे का त्याचं?


१६ फेब्रुवारी

ती. आत्या,

तू पोलिसात का गेली नाहीस गं?

हो. तोंड उघडं आहे. बुटक्या त्या तोंडात आडवा लटकणार आहे, डोकं एका बाजूला, शेपूट दुसऱ्या बाजूला. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाले, "पाला खाणारा नुसता उभा केला तर लोक म्हणतील, बकरी आहे. तोंडात दिला की किंकाळी फुटेल." तुला लिहायला बसलो तेव्हा हेच लिहिणार होतो. पण पाटीवर तुझं नाव बघितलं होतं ना. मग हात पुढे जाईना. तू नाचलीस म्हणून लिहिलंस, तेव्हा तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे पोट दिलंय, अगदी बरगड्यांच्या मापाने. तळवे समोरासमोर केलेत. शेपूट ताठ. प्राणी मेलेला असला तरी खोटा नसेल, एवढं माझ्याकडून.

आत्या, माझं जरा ऐक. दुकानं आता पुतळे बाहेरून मागवतात, एकावर एक रचून येतात ते. माझ्याकडे दुरुस्तीचीच कामं येतात, तुटलेली बोटं आणि उडालेली नाकं. हे दालन मिळालं नाही तर कारखाना बंद करावा लागेल, आणि मला दुसरं काही येत नाही. तू म्हणालीस तर मी काम सोडतो. पण म्हणू नकोस ना.

तुझा,
ठोंब्या


२२ फेब्रुवारी

ठोंब्या,

काम सोड असं मी म्हणत नाही. बाकी जे म्हणायचं होतं ते खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना म्हणून झालं. बिचारी वाटीभर साखर मागायला आली होती, तशीच परत गेली.

टायवाल्याला दोन गोष्टी सांग. पहिली अशी की तो मोठा जन्माला यायच्या आधीच माझा बुटक्या मरून, दगड होऊन, जुना झाला होता. दोघांमध्ये कोट्यवधी वर्षं आहेत. भेटच नाही, तर खाणार कसा?

दुसरी गोष्ट त्याला माहीत आहे, कारण बिळाच्या तोंडाशी बसून वहीत त्यानेच ती लिहिलीय. या प्राण्याबद्दल मला बरंचसं ठाऊक नाही. रंग नाही, आवाज नाही, नर की मादी तेही नाही. खात्रीची गोष्ट एकच आहे. त्याला कुणी खाल्लं नाही. सगळी हाडं जागच्या जागी होती, एकावर दाताचा ओरखडा नाही. पिल्लांच्या पुढे उभा राहिला आणि गाळात गुदमरून गेला. आम्हाला जे एकच पक्कं कळलं, नेमकं तेवढंच उलटं करून हा लोकांना दाखवणार?

मला फार राग आलाय आणि फार वाईटही वाटतंय. रागाची सवय आहे. वाईट वाटण्याची नाही, म्हणून काल दिवसभर भांडी घासली. स्वच्छ होती तीसुद्धा.

बोल त्याच्याशी. नम्रपणे बोल, तुला काम हवंय. माझं नाव घेऊ नकोस, नाहीतर पिसाळेल.

आत्या


८ मार्च

ती. आत्या,

बोललो. नम्रपणे. तुझं नाव घेतलं नाही, पण पहिलं वाक्य ऐकूनच ते म्हणाले, "बाईंचं पत्र आलं वाटतं." मग म्हणाले, "हाडं जागच्या जागी आहेत हे लोकांना दिसत नाही हो. दात दिसतात." झालं. चहासुद्धा विचारला नाही.

म्हणून परवा बुटक्याला हातगाडीवर घालून नेलं, तोंडात बसवून बघायला. आता पुढचं नीट वाच, आणि बसून वाच.

मोठ्याचा जबडा पक्का आहे, आत लोखंड, उघडत नाही की मिटत नाही. साहेबांनी मापं घेतली होती ती माझ्या पहिल्या नमुन्याची, त्या कंबरवाल्याची. आणि मी नेला हा घागरपोट्या! चौघं जण शिडीवर चढलो. डोकं गेलं, खांदे गेले, हात गेले, आणि पोट आलं. गादी कपाटात कोंबावी तसं कोंबलं. नाही. तिरका केला. नाही. शेपूट धरून फिरवावा म्हटलं, तर ती ताठ, साहेबांच्या चष्म्यावरच बसली. मग सुतार म्हणाला, साबण लावू. लावला! फेसाने माखलेला तुझा बुटक्या आम्ही चौघं "हैय्या" म्हणून आत ढकलतोय, साहेब खालून "हळू, हळू" ओरडताहेत, आणि तेवढ्यात कट्ट आवाज झाला. मोठ्याचा सुळा तुटून खाली आला आणि बुटक्या साबणावरून सुळकन सटकून माझ्या अंगावर. आत्या, तुझ्या बुटक्याने मेल्यानंतर एका मांसाहारी प्राण्याचा दात पाडला!

मी हसलो. हसायला नको होतं. साहेबांचा चेहरा असा झाला की हा सुळा आता माझ्याच पाठीत बसतो असं वाटलं. ते म्हणाले, "पोट कापा. दोन्ही बाजूंनी सपाट करा आणि पुढच्या शनिवारच्या आत आणा. जमत नसेल तर मोठा ज्याने केला तो करेल, पुढचं दालनही तोच करेल."

बुटक्या कारखान्यात आलाय. आंघोळ झाल्यामुळे चकचकीत दिसतोय. काय करू?

तुझा,
ठोंब्या


१३ मार्च

चि. ठोंब्या,

सुळा तुटला तिथे मी इतकी हसले की मास्तरीणबाई वर धावत आल्या, त्यांना वाटलं मी पडले. त्यांनाही वाचून दाखवलं. त्याही हसल्या. मग त्या गेल्या आणि मी पत्राचा शेवट पुन्हा वाचला.

काप.

घाई करून हे पत्र टाकतेय, शनिवारच्या आत मिळावं म्हणून. ठोंब्या, बुटक्या मेलेला आहे. त्याचं पोट कापलं तर त्याला दुखणार नाही. नाही कापलंस तर तुझ्या पोटाला मात्र दुखेल. मी माझं आयुष्य हवं तसं काढलं, कुणाला विचारलं नाही. तेव्हा तुझ्या बाबांनी मला पैशापासून जेवणापर्यंत सगळं पुरवलं आणि एकदाही म्हटलं नाही की हाडांनी काय पोट भरतं का. आता त्याच हाडांसाठी त्यांच्या मुलाला मी उपाशी ठेवू? उद्घाटनाला मी येणार नाही. पण रागावूनही बसणार नाही. तुझी कासवं आणि मगरी बघायला नक्की येईन.

मला तो आवडतो. तू जास्त आवडतोस. हे मी परत लिहून देणार नाही, तेव्हा हे पत्र सांभाळून ठेव.

दोन्ही बाजूंनी सारखं काप. एकीकडे कमी-जास्त झालं तर वेडा दिसेल.

आत्या


२४ मार्च

ती. आत्या,

या पत्राबरोबर एक खोका येतोय. खोका कसला, पेटाराच आहे. उचलायला तीन माणसं लागतील, तू हात लावू नकोस.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. करवत काढली, पोटावर खडूने रेघा मारल्या. दोन्ही बाजूंना सारख्या, तू म्हणालीस तशा. रंगाऱ्याने शेपूट धरली. करवत लावली आणि आत्या, मला जमेना. पंधरा वर्षं मी हेच करत आलोय गं. माप आलं की माणूस कापायचा. ही बाई जाड दिसते, कापा. हा बाप्या ढेरपोट्या आहे, कापा. कुणाला खिडकीत उभं राहायचं असेल तर आधी पोट काढून द्यायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक जीव त्याच्या स्वतःच्या मापाचा केलाय. तोही कापायचा?

तरी कापलंच. पण मान कापली. लोंबलेली ती मान काढली, नवी केली, वर उचललेली आणि जराशी वळलेली, काहीतरी ऐकू आल्यासारखी. एक गाल फुगवला, घास आहे तोंडात. पाय जमिनीवर टेकवले. शनिवारी हातगाडीवर घालून नेला आणि साहेबांच्या टेबलासमोर उभा केला.

साहेब बराच वेळ बघत होते. खरं सांगतो, मला वाटलं पाघळले. मग म्हणाले, "हा तर जिवंत आहे." मी म्हटलं, हो साहेब. म्हणाले, "मी जिवंत मागितला नव्हता." उचला म्हणाले.

तर दालन गेलं. मोठ्याच्या तोंडात आता रबरी मासा आहे. सुळा डिंकाने चिकटवलाय. साहित्य माझं होतं, म्हणून बुटक्याही माझाच, आणि म्हणून तुझा. मला लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानाचं थोडं काम आलंय, तेवढ्यात भागेल काही दिवस. पुढचं पुढे. आई म्हणते, पाल एकदाची गेली. पण खोक्याला दोरी तिनेच बांधली, आणि आत फाटक्या गोधड्या घातल्या, धक्का लागू नये म्हणून.

रागावशील. रागाव.

तुझा,
ठोंब्या


२ एप्रिल

चि. ठोंब्या,

मूर्खा. बिनडोक्या. मी काप म्हणून लिहिलं होतं, ते काय शाई वाळवायला? पुढे खाशील काय? नेचे?

हे लिहिणं भाग होतं, आत्या आहे मी. आता बाकीचं.

खोका आला. जिन्याच्या वळणावर शेपूट अडकली. हमाल घामाघूम होऊन म्हणाले, "कोणी सांगितली एवढी ताठ शेपूट करायला?" मी वरून ओरडले, "मी!" मग कठड्यावरून उचलून, उलटा, उताणा करत एकदाचा वर आणला. बाहेरच्या खोलीत उभा आहे. डोकं टेबलाजवळ आणि शेपूट गच्चीच्या दारातून बाहेर. दार आता लागत नाही. काल तिच्यावर टॉवेल वाळत घातला होता. मास्तरीणबाईंनी पाहिला, भोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "अगदी तुमच्यासारखा दिसतो हो." मी म्हटलं, "त्याला निदान शेपूट तरी आहे."

त्या गेल्यावर दार लावलं. म्हणजे लावायला गेले, ते लागत नाही, म्हणून पडदा ओढला. आणि खुर्ची घेऊन त्याच्या समोर बसले. ठोंब्या, अकरा वर्षं, आणि नंतरची सगळी वर्षं, डोळ्याच्या जागी मी एक भोक पाहिलंय. मातीने भरलेलं भोक, मीच सुईने कोरलेलं. काल पहिल्यांदा त्यात डोळा होता. तो माझ्याकडे बघत होता. तोंडात घास, कपाळाला आठी, कोण ही म्हातारी माझ्या बिळात आली असा. मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले. सांगून ठेवते, नाहीतर मास्तरीणबाई तिखटमीठ लावून सांगतील.

मी काप म्हटलं ते अगदी मनापासून म्हटलं होतं. तू कापला असतास तर एका शब्दाने बोलले नसते. आणि आयुष्यभर ते सलत राहिलं असतं, तुला आणि मलाही. माझं ऐकलं नाहीस, फार बरं केलंस. तुझे बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं आणि वर मलाच ओरडले असते.

आता एक पंचाईत झालीय. मी कालपासून त्याच्यातली चूक शोधतेय. भिंग घेतलं, बरगड्यांची मापं घेतली. बोटं मोजली. पोटाला हात लावून बघितला, दोन्ही बाजूंनी. गुडघ्यावर बसून खालूनही बघितलं, त्याला लाज वाटेल इतकं. काही सापडत नाही. अशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

तेव्हा कारखान्याला चार दिवस कुलूप लाव आणि ये. वहिनीलाही आण, चिखलाच्या बुटांचं भांडणही समोरासमोर होऊन जाऊ दे. तू त्याच्या त्या बाजूने बघ, मी या बाजूने बघते. दोघं मिळून काहीतरी चुकलेलं शोधून काढू.

तुझी,
आत्या